पाऊस किती पडला, आणि कुठे मोजला?

सप्टेंबर महिना, उत्तरा नक्षत्र. रात्री साडेअकराला सुरू झालेला पाऊस पहाटे तीनपर्यंत एका लयीत कोसळत होता. सकाळी अण्णांचा फोन आला तेव्हा ओढ्याचं पाणी आमच्या खालच्या रानातून वाहत होतं. सोयाबीन शेंगा भरून पिवळं पडायला लागलेलं, आठ-दहा दिवसांत काढणीला आलं असतं. बांध दोन ठिकाणी फुटला, माती धुऊन गेली, उभं पीक चिखलात आडवं झालं. दोन दिवसांनी आमच्या महसूल मंडळाचा, म्हणजे महसुलाच्या सोयीनं एकत्र धरलेल्या गावांच्या गटाचा, पावसाचा आकडा कळला. तो साठ मिलिमीटरच्याही आत होता. अतिवृष्टी धरायची तर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस लागतो. आमचं मंडळ भरपाईच्या यादीत आलं नाही. ओढ्यापलीकडचं गाव दुसऱ्या मंडळात मोडतं, ते आलं.

अण्णांनी कुणाला बोल लावला नाही. एवढंच विचारलं, "पाऊस आपल्या रानात पडला, मोजला कुठं?"

मी नकाशे करून पोट भरते. जीआयएसच्या पडद्यावर गावं, गट, ओढे, विहिरी टाकायच्या, त्यांना आकडे जोडायचे, त्या आकड्यांचे रंग करायचे, हे माझं रोजचं काम. तरी अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. त्या रात्री मी दोन्ही मंडळांची पर्जन्यमापकं नकाशावर टाकली आणि आमच्या शेतापासून रेघा ओढल्या. आमच्या मंडळाचं मापक चौदा किलोमीटरवर, मधल्या माळाच्या पलीकडे. शेजारच्या मंडळाचं जेमतेम पाच किलोमीटरवर. पाऊस विचारायचा तर तो जवळच्या मापकाला विचारावा, हे शाळकरी पोरही सांगेल. पण हिशेब महसुली हद्दीप्रमाणे होतो, आणि ती हद्द आखली गेली ती तलाठ्यांच्या सजांवर देखरेख ठेवायच्या सोयीनं. ढगांशी तिचा संबंध कधीच नव्हता.

तेव्हापासून माझं एक म्हणणं पक्कं होत गेलं आहे. जागेशी बांधलेल्या एखाद्या आकड्यावरून सरकार पैसे वाटणार असेल, तर तो आकडा कुठे मोजला, कसा मोजला आणि किती चुकू शकतो, हे त्याच कागदावर छापलेलं असलं पाहिजे. ज्याचं नशीब त्या आकड्यावर ठरतं, त्या माणसाला त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. आज ते होत नाही.

थोडा हिशेब करू. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. महसूल मंडळं दोन हजारांहून अधिक. म्हणजे एका मंडळाच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन येते. साध्या पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याचं तोंड असतं २०० चौरस सेंटिमीटरचं, मोठ्या वाटीएवढं. एका वाटीत जे पडलं ते तिच्या सातशे कोटींहून अधिक पट जमिनीवर पडलं, असं आपण धरतो. पावसाळी ढग राज्यभर पसरून संथ पडणारा असेल तर हे धरणं फारसं चुकत नाही. पण मराठवाड्यात आणि विदर्भात जूनचा वळवासारखा पाऊस किंवा सप्टेंबरचा परतीचा पाऊस असा नसतो. तो गडगडाटी ढगांतून येतो, आणि एका ढगाचा पसारा काही किलोमीटरांचाच. बैलाच्या एका शिंगावर पाऊस आणि दुसरं कोरडं, असं जुनी माणसं म्हणतात. अतिशयोक्ती सोडली तर त्या म्हणण्यात हवामानशास्त्र आहे.

मोठ्या शहराचं उदाहरण सगळ्यांच्या लक्षात राहिलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत ७४ मिलिमीटरच्या आसपास पडला. एकाच मुंबईतल्या या दोन वेधशाळा. मुंबईत फक्त कुलाब्याचंच मापक असतं, तर शेकडो माणसं गेलेला तो दिवस पावसाच्या वहीत जोराच्या पावसाचा एक दिवस म्हणून राहिला असता. मुंबईला दोन वेधशाळा होत्या, छायाचित्रं होती, वर्तमानपत्रं होती. चार हजार वस्तीच्या गावाकडे त्यातलं काहीच नसतं. त्याचा साक्षीदार एकच, मंडळाचं मापक. सह्याद्रीच्या कुशीत तर हे अंतर रोजचंच आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईत हजारसुद्धा गाठत नाही. पर्जन्यछायेचा हा धडा आपण सातवी-आठवीत पाठ करतो आणि पुढे सरासरीच्या कोष्टकात विसरतो.

मापकाच्या जागेचाही प्रश्न आहे. झाड, भिंत, पाण्याची टाकी असा कुठलाही अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवा, चौपट असेल तर उत्तम, असा नियम आहे. नियम करणाऱ्यांनी वाऱ्यानं तिरका आलेला पाऊस पाहिला होता. पण यंत्र बसवताना मोकळी असलेली जागा पाच वर्षांनी मोकळी राहत नाही. शेजारी लावलेला कडुनिंब वाढतो. स्वयंचलित मापकात दोन चिमुकल्या वाट्या सी-सॉसारख्या बसवलेल्या असतात. एक भरली की कलंडते आणि दुसरी वर येते. प्रत्येक कलंडण्याची नोंद होते, त्यावरून पाऊस मोजला जातो. त्या वाट्यांच्या वर जाळीत कडुनिंबाचं पान अडकलं, कोळ्यानं जाळं विणलं, तर धोधो पावसातही वाटी हळूच भरते. यंत्र त्याचं काम चोख करत राहतं, फक्त त्याच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. कोष्टकात मात्र आकडा येतो, आणि तो बरोबरच्या आकड्यासारखाच दिसतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी गावात जवळजवळ कुणाला ठाऊक नसते. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पहाटे पाचला सुरू झालेला पाऊस दुपारी बारापर्यंत चालला आणि ८० मिलिमीटर पडला, तर त्यातला अर्धा कालच्या नावावर जातो, अर्धा आजच्या. शेतातून पाणी एकदम वाहून गेलेलं असतं, पण वहीत दोन दिवस प्रत्येकी चाळीसचे. ६५ कुठल्याच दिवशी भरत नाहीत. खंडाचंही तसंच. सलग २१ दिवस पाऊस नसला तर पिकाचं नुकसान धरायचं, असा निकष आपल्याकडे वापरला गेला आहे, आणि हवामान विभागाच्या व्याख्येत अडीच मिलिमीटर पडले की तो पावसाचा दिवस होतो. ऑगस्टच्या तापलेल्या काळ्या रानात अडीच मिलिमीटर म्हणजे वरची धूळ बसते तेवढंच. फुलं गळायची थांबत नाहीत. पण त्या शिडकाव्यानं कागदावरचा खंड मोडतो.

यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. निकष कुठेतरी आखावाच लागतो. पण रेघ आखली की रेघेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्यांचं काय, याचा विचार रेघ आखणाऱ्यानंच करायला हवा. भूगोलाच्या आकड्यांत तर रेघा दुहेरी असतात: एक आकड्यावरची, आणि एक जमिनीवरची.

जमिनीवरच्या रेघेचं बळ किती, हे दुष्काळाच्या याद्यांत उघड दिसलं. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्यानं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. उपग्रहाची चित्रं, पावसाची तूट, मातीतला ओलावा असे निर्देशांक घेऊन, प्रत्यक्ष शेतांची पाहणी जोडून तालुकेवार निकाल काढला होता. त्यानंतर बाहेर राहिलेल्या तालुक्यांतली मंडळं वेगळी जोडावी लागली. २०२३ ला हेच आणखी ठळक झालं. तालुक्यांच्या हिशेबात ४० तालुके बसले, आणि मंडळ हे एकक धरून पाहिल्यावर दुष्काळसदृश म्हणून हजाराच्या आसपास मंडळं पुढे आली. दोन्ही वेळचे निकष एकच नव्हते, हे खरं. पण एकक बदललं की नकाशा बदलतो, ही गोष्ट संख्याशास्त्र शिकणाऱ्या भूगोलाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सांगतात. तालुक्याच्या एका अंगाला कालवा असतो, ऊस असतो, बारमाही हिरवळ असते. दुसऱ्या अंगाला हलकी, मुरमाड जमीन असते. दोघांची सरासरी काढली की तालुका "बरा" दिसतो, आणि मुरमाड अंगाच्या माणसाला सांगितलं जातं की तुझ्या तालुक्यात दुष्काळ नाही. त्या अंगाला टँकरसाठी घागरी घेऊन रांगेत उभी असलेली बाई ही सरासरी कुठे पाहणार?

मग उपग्रह आहेत की, असं पुष्कळजण म्हणतात. माझे तरुण सहकारी तर फार उत्साहानं म्हणतात, आणि त्यांचा उत्साह मला आवडतो. उपग्रह वरून सारखं पाहतो, भेदभाव करत नाही. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि अवरक्त प्रकाश परतवतं. या दोहोंच्या फरकावरून पिकाचा हिरवेपणा मोजायचा, हे शास्त्र पक्कं आहे. पण उपग्रहाचं चित्र चौकोनी ठिपक्यांचं असतं, आणि त्या चौकोनाच्या आकाराचा प्रश्न इथंही आहेच. दुष्काळाच्या अभ्यासात वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या मोडिस या उपकरणाचा सर्वांत बारीक चौकोन २५० मीटर बाजूचा. म्हणजे सव्वासहा हेक्टर, पंधरा एकरांहून जास्त. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, असं २०१५-१६ च्या कृषिगणनेत आहे. उपग्रहाच्या एका ठिपक्यात चार-पाच शेतकरी बसले. त्यातल्या एकाकडे विहीर असली तर ठिपका हिरवा.

आता सेंटिनेल या उपग्रहांची चित्रं दहा मीटरच्या चौकोनांची मिळतात. दहा मीटर गुणिले दहा मीटर म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण शेतकऱ्याचं माप आणि उपग्रहाचं माप प्रथमच जुळलं. पण खरिपात महत्त्वाच्या दिवसांत ढग असतात आणि हे चित्र ढगातून दिसत नाही. ढगातून पाहणारं रडार आहे, त्याची भाषा वेगळी आणि कठीण. सोयाबीनच्या चार-सहा ओळींनंतर तुरीची एक ओळ, तर गुंठ्याच्या चौकोनात दोन्ही पिकं मिसळतात. सगळ्यांत मोठी अडचण मी स्वतः पाहिली आहे. ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली, सोयाबीनची फुलं गळाली, मग पाऊस आला आणि झाड पुन्हा हिरवंगार झालं. वरून चित्र नामी होतं. शेतात जाऊन झाड उपटलं तर एका झाडाला मोजून सात शेंगा. हिरवेपणा म्हणजे उत्पन्न नव्हे, हे अण्णांना चित्र न पाहता कळलं होतं.

म्हणून पीक प्रत्यक्ष कापून मोजायचं, आणि हे आपल्या माणसांनीच जगाला शिकवलं. याविषयी मराठीत फार कमी लिहिलं-बोललं जातं याची मला खंत आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला संख्याशास्त्र शिकले, पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ होते, आणि शेवटी पुण्याला परतले. १९४० च्या दशकात, बंगालच्या दुष्काळाच्या सावलीत, देशात धान्य किती पिकतं हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं. आकडे येत ते गावपातळीवरच्या नजरअंदाजाचे. तेव्हा विनायक गोविंद पानसे आणि सुखात्मे यांनी यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडून, त्यातला ठरावीक तुकडा कापून, मळून, तोलून उत्पन्न काढायची रीत बसवली. अकोला जिल्ह्यातल्या कापसावर झालेली पाहणी या कामाच्या आरंभीच्या टप्प्यांतली.

त्याच सुमारास संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस बंगालमध्ये लहान लहान तुकडे कापून पाहणी करत होते. लहान तुकडे स्वस्त पडतात, पुष्कळ करता येतात. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवलं की तुकडा जितका लहान, तितकं उत्पन्न फुगून दिसतं. कारण साधं आहे, आणि शेतात उभं राहिलं की लगेच पटतं. दोरीनं आखलेल्या तुकड्याच्या काठावर काही ताटं येतात, निम्मी आत, निम्मी बाहेर. कापणाऱ्याचा हात नकळत ती आत घेतो. मोठ्या तुकड्यात काठ थोडा आणि पोट मोठं, म्हणून ही चूक पचून जाते. लहान तुकड्यात सगळा काठच. महालनोबीसांसारख्या थोर माणसाशी त्यांचा हा वाद चालला, आणि तो चालला आकड्यांवर, उघड्यावर, छापील नियतकालिकांत. चूक किती आणि कुठून येते हे आकड्याइतकंच महत्त्वाचं, हा त्या पिढीचा संस्कार होता.

आज पीक कापणी प्रयोगाचा तुकडा बहुतेक पिकांसाठी दहा मीटर गुणिले पाच मीटरचा असतो, म्हणजे अर्धा गुंठा. पीक विम्याच्या केंद्रीय नियमावलीनुसार मंडळ हे एकक असेल तर एका पिकासाठी किमान १० प्रयोग करायचे. दहा प्रयोग, प्रत्येकी अर्धा गुंठा: एकूण पाच गुंठे. मंडळातल्या हजारो एकर सोयाबीनचा निकाल पाच गुंठ्यांवर लागतो. नमुना लहान असणं हा दोष नव्हे. भाताचं एक शीत दाबून पाहतात तसंच हे. पण शितावरून भात सगळा एकसारखा शिजला असेल तरच कळतं.

समजा, मंडळात शेतागणिक उतारा तीस टक्क्यांनी वरखाली होतो, आणि कोरडवाहूत हे अगदी साधं आहे. दहा तुकड्यांची सरासरी आली हेक्टरी दहा क्विंटल. तर गणित सांगतं की खरी सरासरी आठ ते बारा क्विंटलच्या दरम्यान कुठेही असू शकते. आता भरपाईसाठी उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते ते, नऊ क्विंटल असेल, तर दहावर भरपाई शून्य. खरं उत्पन्न आठ असेल, तर नऊतून आठ वजा करून नवाने भागायचं, म्हणजे विमा संरक्षित रकमेच्या अकरा टक्के मिळायला हवे. हे अकरा टक्के मिळायचे की नाहीत, ते चिठ्ठीत कुणाची दहा शेतं निघाली यावर ठरलं. उलटही होतं. खरं उत्पन्न जास्त असून भरपाई जाते. २०२५ च्या खरिपात तर राज्यात विम्याच्या भरपाईचा मोठा भार या प्रयोगांवर आला. इतका भार ज्याच्यावर आहे, त्या आकड्याशेजारी "दहा, अधिक-उणे दोन" एवढे चार शब्द छापायला काय हरकत आहे?

हरकत आहे, असं मला एका जाणत्या अधिकाऱ्यानं सांगितलं, आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. ते म्हणाले, तुम्ही पैसेवारीचे दिवस पाहिले नाहीत. समिती बांधावर उभी राहायची, नजरेनं पाहायची, आणि पीक नेहमीच्या निम्म्याच्या, म्हणजे पन्नास पैशांच्या आत की बाहेर ते ठरवायची. कुणाचं वजन, कुणाचा दबाव, कुणाची ओळख. आता निदान सगळ्यांना एकच सूत्र आहे, यंत्राला कुणी फोन करत नाही. तुम्ही अधिक-उणे छापलं की जो तो उण्याच्या बाजूनं अर्ज करणार, न्यायालयात जाणार, आणि ज्यांना आज वेळेवर पैसे मिळतात त्यांचेही अडकणार.

पैसेवारीबद्दल ते बोलले ते खरं आहे. अण्णाही तेच सांगतात. संगणक, उपग्रह, स्वयंचलित केंद्रं यांनी मनमानी पुष्कळ कमी केली आणि मला माझ्या धंद्याचा त्यासाठी अभिमान वाटतो. महावेध प्रकल्पातून मंडळागणिक हवामान केंद्रं उभी राहिली, रोजचा पाऊस कुणालाही पाहता येऊ लागला, ही लहान गोष्ट नव्हे. पण चूक छापली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही. ती कुणाच्या तरी पदरात पडतेच. सध्या ती सगळी शेतकऱ्याच्या पदरात पडते, आणि त्याला ती दाखवलीही जात नाही. पूर्वी त्याला निदान कळायचं की कुणाच्या नजरेनं आपलं नुकसान केलं. आता समोर फक्त आकडा आहे, आणि आकड्याशी भांडता येत नाही.

अर्जांच्या ढिगाची भीती मात्र उत्तर मागते, आणि उत्तर आहे. ज्या मंडळाचा पाऊस २० किंवा १४० मिलिमीटर आहे तिथं चुकीची पट्टी कितीही धरली तरी निकाल बदलत नाही. प्रश्न असतो ५५ ते ७५ च्या मधल्यांचा. निकषाची रेघ ज्यांच्या चुकीच्या पट्टीत पडते, अशाच मंडळांत दुसरी पाहणी आपोआप सुरू व्हावी, अर्ज न करता. शेजारच्या मंडळांची मापकं पाहा, रडार पाहा, ओढ्याकाठची दहा शेतं पाहा, आणि ठरावीक दिवसांत सांगा. ही पट्टी काढायला नवं शास्त्र लागत नाही. दोन मापकांच्या मधल्या जागी पाऊस किती असेल, याचा अंदाज काढण्याची क्रिगिंग नावाची रीत आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्या क्रिग नावाच्या अभियंत्याच्या कामातून ती निघाली. विंधलेल्या थोड्या भोकांवरून मधल्या खडकात सोनं किती, हा त्याचा प्रश्न होता. ही रीत एका वेळी दोन नकाशे देते, एक अंदाजाचा, दुसरा त्या अंदाजाच्या चुकीचा. मापकाजवळ चूक थोडी, लांब गेलं की वाढत जाते. आम्ही नकाशे करणारे पहिला नकाशा रंगवून अहवालात लावतो आणि दुसरा संगणकातच ठेवतो. हे मीही केलं आहे, वर्षानुवर्षं. मागणारानं मागितला नाही आणि मी दिला नाही. आता देते, न मागता.

अडत बाजारात पोत्याचं वजन करायचा काटा असतो. त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो, तारखेसह. शंका आली तर शेतकरी दुसऱ्या काट्यावर पोतं ठेवू शकतो. दहा क्विंटल तोलणाऱ्या काट्याला जेवढी शिस्त, तेवढी दीडशे चौरस किलोमीटर तोलणाऱ्या मापकाला नको का? मापक नेमकं कुठे उभं आहे, त्याच्या चारही बाजूंचे फोटो, शेवटची तपासणी कधी झाली, कुठल्या दिवसांची नोंद मिळाली नाही आणि त्या जागी कुठला आकडा भरला, एवढं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं. कापणी प्रयोगाच्या दहाही शेतांची ठिकाणं आणि दहाही वजनं, शेतकऱ्याचं नाव न देता, खुली व्हावीत. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावर जाऊन, मोबाइलला रेंज नसली तर टेकडी चढून, आपल्या पिकाचा फोटो आणि ठिकाण सरकारला देतो. राज्याच्या भौगोलिक माहितीसाठी इतकं फुकट काम दुसऱ्या कुणीच केलेलं नाही. त्याला त्याच्या मंडळाचा हिशेब उलगडून दाखवणं हे देणं लागतं.

मापकं वाढायलाच हवीत. केंद्राच्या विंड्स योजनेत तालुक्याला हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक अशी कल्पना आहे, आणि ती योग्य आहे. पण राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार. तेवढ्या जाळ्या साफ कोण करणार, हे आधी ठरलं नाही तर दोन हजार संशयास्पद आकड्यांच्या जागी २८ हजार येतील.

आम्ही गावात आपल्यापुरती सुरुवात केली. शाळेच्या पटांगणात, इमारतीपासून आणि चिंचेपासून अंतर मोजून, साधं हाताचं मापक बसवलं. गुरुजींनी सहावीच्या दोन मुलींना काम नेमून दिलं. सकाळी साडेआठला मोजपात्र डोळ्याच्या पातळीला धरायचं, पाण्याची खालची वक्ररेषा वाचायची, वहीत लिहायचं. रविवारीसुद्धा. वहीत चार रकाने आहेत, तारीख, मिलिमीटर, सही आणि शेरा. महिनाअखेरीस गुरुजी पानांचे फोटो पाठवतात आणि मी ते संगणकात उतरवते. गेल्या आषाढातल्या एका पानावर एका दिवसासमोर आकडा लिहून त्याभोवती पेन्सिलीनं गोल केलेला होता. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "नरसाळ्यात पान अडकलं होतं. पाणी वर साचलेलं दिसलं. पान काढून मग मोजलं, पण थोडं सांडलं."

मी तो शेरा जसाच्या तसा उतरवला, आणि त्या दिवसाच्या आकड्यापुढे अधिक-उणे टाकलं.